चार तारखेची सात

नाहूर स्टेशनपासून सात मिनिटांवर असलेल्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर दोन फायली होत्या. एक गुलाबी, एक पिवळी. नंदकुमार कारखानीस सकाळचा चहा घेऊन त्यांच्यासमोर बसले होते आणि चहा प्यायचा विसरले होते. गुलाबी फाइल चारकोपच्या एका छोट्या नर्सिंग होमची होती. त्यांची मुलगी गंधाली तिथे तीन दिवस होती. पिवळी मुलुंडच्या नर्सिंग होमची होती. तिथे तिच्या पाठीच्या मणक्यात सळ्या आणि स्क्रू बसवले होते. आज तिला तिथून अंधेरीच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं होतं.

"गुलाबी घरीच राहू दे," नंदकुमार म्हणाले.

"राहू दे," त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ती फाइल उचलून कपाटात साड्यांच्या खाली ठेवली.

एवढंच बोलणं झालं. दोघांपैकी कोणीच एकमेकांकडे पाहिलं नाही. गेले सोळा दिवस या घरात असंच चाललं होतं. गॅस लागत होता, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, दूधवाल्याला हाक मारली जात होती, पण सगळं दुसऱ्याच कोणाच्या घरात चालल्यासारखं. नंदकुमारांना रडू येत नव्हतं. भूक लागली की नाही हेही कळत नव्हतं. समोर कोणी ताट ठेवलं की ते जेवत.

गंधाली सत्तावीस वर्षांची. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या गोळ्या पॅक करणारा एक कारखाना आहे, तिथे ती दर्जा तपासण्याच्या विभागात कामाला होती. चार तारखेला, मंगळवारी, ती माल बघायला लोखंडी शिडीवरून माळ्यावर चढली. शिडी सरकली. ती खाली, माल ठेवायच्या लाकडी पॅलेटच्या कडेवर, पाठीवर पडली. बेंबीच्या खाली तेव्हापासून काही कळत नाही. चारकोपच्या नर्सिंग होमला, आमच्याकडे मणक्याची शस्त्रक्रिया होत नाही, एवढं सांगायला तीन दिवस लागले. सात तारखेला तिला मुलुंडला आणलं, पुन्हा नव्याने स्कॅन काढले आणि त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली.

मग परवा मृणालिनीबाईंच्या अंधेरीच्या मावसबहिणीने एक पत्रक पाठवलं. मज्जारज्जूला नुकतीच दुखापत झालेल्यांवर मूळ पेशींची, म्हणजे स्टेम सेलची, चाचणी. रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या पेशी काढून मणक्यात सोडायच्या आणि पुढे वर्षभर बघायचं. पत्रकाच्या खाली अटी होत्या. त्यातली तिसरी अट अशी : दुखापतीला चौदा दिवसांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा.

त्या दिवशी चौदा दिवस पूर्ण होत होते, आणि मुलुंडहून निघायचे कागद व्हायला अजून दोन दिवस लागणार होते.

"तारीखच ना?" मृणालिनीबाई म्हणाल्या. "अहो, तारीख काय तुम्हाला नवीन आहे?"

नव्हती. हे समजायला नंदकुमारांची नोकरी समजली पाहिजे. ते भांडुपच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं हेडक्लार्क होते. पहिलीच्या प्रवेशाला ठरलेल्या तारखेपर्यंत मुलाचं वय पूर्ण व्हावं लागे, आणि दरवर्षी पाच-दहा मुलं अशी यायची की बिचारी दोन-चार आठवड्यांनी कमी पडायची. आईबाप काकुळतीला यायचे. पोराचं वर्ष फुकट जाईल म्हणायचे. जन्मदाखल्याचा आग्रह तेव्हा आजच्याइतका नव्हता. नंदकुमार चष्मा कपाळावर सरकवायचे, दाढीच्या अर्ध्या पात्याने रजिस्टरमधला आकडा अलगद खरवडायचे, वर नखाने कागद घोटायचे आणि लिहायचे : एक जून. मंडळी, तुमच्या ओळखीतल्या किती जणांचा वाढदिवस एक जूनला येतो, जरा आठवून बघा. एवढी सगळी बाळं एकाच दिवशी जन्मली असतील तर त्या दिवशी सुइणींचं काही खरं नव्हतं. नंदकुमार या कामासाठी कोणाचा चहासुद्धा घेत नसत. त्यांना ते पुण्याचं काम वाटायचं. दोन तारखांमधल्या फटीत अडकलेलं माणूस हलकेच बाहेर काढायचं, एवढंच.

त्याच मुलांमधला एक केतन. तो आज मुलुंडच्या त्याच नर्सिंग होममध्ये कागदपत्रांचं काम बघत होता. नंदकुमारांना बघून तो पहिल्याच दिवशी पाया पडला होता.

"केतन, डिस्चार्ज कार्डावर फक्त तुमच्याकडे आली ती तारीख घाल," नंदकुमारांनी त्याला सांगितलं. "पडली सात तारखेला, आणली सात तारखेला. आधीच्या तीन दिवसांचा उल्लेख नको."

केतन जरा घुटमळला. मग म्हणाला, "सर, तुमच्यामुळे माझं एक वर्ष वाचलं. तुम्हाला कसं नाही म्हणू?"

डॉक्टर घाईत होते. गठ्ठ्यातल्या बाकीच्या कागदांवर केली तशीच त्यांनी याही कागदावर सही केली. चार तारखेची सात झाली. नंदकुमारांना त्यात काही विशेष वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना त्या दिवसांत कशातच काही वाटत नव्हतं.

अंधेरीच्या रुग्णालयात जान्हवी नावाची पस्तिशीची बाई चाचणीचं सगळं काम बघत होती. ती गंधालीच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसली, आणि आईवडिलांशी न बोलता थेट गंधालीशी बोलायला लागली. नंदकुमारांना हे जरा खटकलं.

"गंधाली, एक गोष्ट आधीच सांगते. हा उपचार नाही, चाचणी आहे. याने फरक पडतो की नाही, हे आम्हाला माहीत नाही. माहीत असतं तर चाचणी केलीच नसती. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित दुखणं वाढेल, जंतुसंसर्ग होईल. जे यात येतील त्यांतल्या निम्म्यांना पेशी देणार, निम्म्यांना नाही. व्यायाम आणि बाकीची काळजी सगळ्यांना सारखी."

"कोणाला द्यायच्या हे कोण ठरवतं?" नंदकुमारांनी विचारलं.

"कॉम्प्युटर."

"कॉम्प्युटरवर कोण बसतं?"

जान्हवीला क्षणभर कळलं नाही, मग ती हसली. "काका, तिथे ओळख चालत नाही. मलासुद्धा कळत नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच नंदकुमारांची अशा साहेबाशी गाठ पडली होती, की ज्याचा कोणी मेहुणा नव्हता, कोणी गाववाला नव्हता.

जान्हवीने कागद पुढे घेतला. "पडलीस कधी?"

गंधालीने तोंड उघडलं.

"सात तारखेला," नंदकुमार म्हणाले. "सकाळी."

गंधालीने वडिलांकडे बघितलं. मग मान वळवून ती खिडकीकडे बघत राहिली. जान्हवीने कार्ड बघितलं, सात तारीख बघितली आणि निळ्या शाईने ती आपल्या तक्त्यात लिहिली.

"म्हणजे आज तेरावा दिवस. वेळ कमी आहे. माहितीपत्रक मराठीत आहे, अकरा पानं आहेत, सगळी वाच. उद्या अकरा वाजता मी येते. सही तुझीच लागेल, आईबाबांची चालणार नाही. आणि त्याआधी आमचे सहदेव येऊन भेटतील. ते आमच्याकडे पगारावर नाहीत, पण त्यांना भेटल्याशिवाय आम्ही कोणाची सही घेत नाही."

जान्हवी गेल्यावर मृणालिनीबाईंनी डबा उघडला आणि गंधालीला विचारलं, भात थोडा देऊ का. तिने नको म्हणून मान हलवली.

सहदेव दुपारी चारला आला. अडतीस-चाळिशीचा, दंड भरलेले, व्हीलचेअर अशी वळवायचा की बघणाऱ्याला वाटावं, यात अवघड ते काय. विक्रोळीला राहायचा. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमन झाले. सहदेव एसी बसवायचं काम करायचा, अकरा वर्षांपूर्वी परांचीवरून पडला. आता घरूनच एका कंपनीच्या तक्रारींचे फोन घेतो. गंधालीशी तो तासभर बोलला. लघवीची नळी कशी सांभाळायची, दर दोन तासांनी कूस का बदलायची, खुर्चीतून पलंगावर कसं जायचं, असल्याच गोष्टी. चालण्याबद्दल एक शब्द नाही. मग बाहेर येऊन त्याने नंदकुमारांना विचारलं, "काका, चहा घेऊया ना?"

कॅन्टीनमध्ये चहा आला. नंदकुमारांनी कपाला हात लावला नाही.

"सहदेव, एक विचारू? नुसतं माहितीसाठी." ते शाळेत इन्स्पेक्टरशी बोलायचे त्या आवाजात बोलत होते. "ती चौदा दिवसांची अट. समजा एखाद्याचे दोन दिवस वर झाले. तारीख जरा इकडेतिकडे लिहिली. तर कोणाचं काय बिघडतं? एका माणसाला संधी मिळते, एवढंच ना?"

सहदेवने त्यांच्याकडे नीट बघितलं. बशीत चहा ओतून त्याने एक घोट घेतला.

"मी पडलो तेव्हा अशी चाचणी-बिचाणी काही नव्हती, काका. पण एक जागा होती. नाव घेत नाही, आता बंद पडलीये. तिथे मूळ पेशींची इंजेक्शनं द्यायचे. चाचणी नाही, काही नाही, डायरेक्ट. दर आठवड्याला एक कार्ड भरायचं. पाय हलतो का, अंगठा हलतो का, गरम-थंड कळतं का. कार्ड माझी आई भरायची. म्हणजे सांगायची, नर्स लिहायची."

"मग?"

"अंगठा हलत नव्हता. पण आईला वाटायचं, नाही म्हटलं तर पुढचं इंजेक्शन देणार नाहीत. पोराचं नाव कापतील. तिसऱ्या आठवड्यात ती आपल्या मालवणीत म्हणाली, 'माझ्या झिलाचो आंगठो हलता, डॉक्टर. मी माझ्या डोळ्यान बघलंय.' मी बाजूलाच पडलेलो. मीपण गप्प बसलो. मलाही पुढचं इंजेक्शन पाहिजे होतं ना."

नंदकुमार टेबलाकडे बघत होते.

"त्यांनी काय केलं, माझा फोटो लावला भिंतीवर. खाली लिहिलं, सहा आठवड्यांत सुधारणा. तो फोटो कुठेकुठे फिरला. कुडाळ, चिपळूण, कुठून कुठून लोक यायला लागले. त्यात एक आकाश म्हणून होता. पंचवीस वर्षांचा. त्याने व्यायाम सोडून दिला. म्हणायचा, अंगठा हलला की करतो सुरू. एका जागी पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या आणि त्यातच गेला. त्याच्या बायकोने तो जायच्या आठवडाभर आधी मला फोन केला होता. माहितीये, काय विचारलं?"

नंदकुमारांनी मान हलवली.

"विचारलं, दादा, तुमचा अंगठा कितव्या दिवशी हलला?"

शेजारच्या टेबलावर कोणीतरी वडापावची ऑर्डर देत होतं.

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"तेव्हा काहीच नाही. खरं सांगायला तोंड उघडेस्तोवर आकाश गेलेला." सहदेवने कप बाजूला सारला. "आज अकरा वर्षांनी मला कोणी विचारलं की मूळ पेशींनी फरक पडतो का, तर मला सांगता येत नाही. कारण आम्ही कोणी खरं लिहिलंच नाही. आता ही लोकं पहिल्यापासून नीट विचारतायत. चौदा दिवसांच्या आत दिल्या तर काय होतं? बस, एवढाच प्रश्न. त्यात पंधराव्या-सोळाव्या दिवसाचं माणूस घुसवलं, तर प्रश्नच खोटा झाला ना? मग उत्तर कसलं डोंबलाचं खरं येणार? आणि काका, ती अट तुमच्या पोरीला हाकलायला नाहीये. सूज, जखम, आत काय काय बदलतं रोज. उशिरा सुई घातली तर काय होतं, ते या डॉक्टरांनाही माहीत नाही. मग ती जोखीम कोणाच्या अंगावर? तुमच्या की तिच्या?"

"माझी एकुलती एक मुलगी आहे हो," नंदकुमार म्हणाले. सोळा दिवसांत एवढं एकच वाक्य ते कोणाशी तरी मनापासून बोलले होते.

"माझ्या आईलाही एकच झील होता, काका," सहदेव म्हणाला.

त्याने तारखेबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. खुर्ची वळवली आणि लिफ्टकडे गेला.

नंदकुमार वॉर्डात परतले तेव्हा भेटीची वेळ संपायला अर्धा तास होता. मृणालिनीबाई गंधालीच्या केसांचा गुंता सोडवत होत्या. माहितीपत्रकाची अकरा पानं उशीशेजारी पडली होती.

"बाबा," गंधाली म्हणाली, "चार तारखेला मी कुठे होते रे?"

"गंधाली," मृणालिनीबाई हळूच म्हणाल्या, "गप्प बस. सगळं सुरळीत चाललंय."

"आई, मी दुपारपासून गप्पच आहे. बाबा सात म्हणाला तेव्हाही मी गप्प बसले. का माहितीये? मलाही हवंय ते." तिचा आवाज सपाट होता, कामावरचा रिपोर्ट वाचून दाखवावा तसा. "बाबा, मागच्या दिवाळीआधीची गोष्ट आठवते? एका गोळीच्या पट्टीवर मुदतीची तारीख चुकली होती. प्रॉडक्शनचा मॅनेजर मला म्हणाला, मॅडम, तीनच दिवसांचा फरक आहे, जाऊ दे ना यार. मी अख्खा माल थांबवला. तू सगळ्या सोसायटीत सांगत फिरलास की माझी पोरगी कोणाच्या बापाचं ऐकत नाही."

"आठवतं."

"मग आता कोणाच्या बापाचं ऐकतेय मी?"

एकतीस वर्षं ज्या हाताने त्यांनी लोकांच्या पोरांचं भलं केलं असं ते समजत होते, तो हात त्यांनी बघितला. शाळेतल्या त्या मुलांना कोणी सुई टोचणार नव्हतं. त्यांच्या वयावरून पुढे कोणाला औषध ठरवायचं नव्हतं. तरीही तो आकडा खोटाच होता. रजिस्टर तपासणाऱ्यांना दिसत नव्हता, इतकंच.

"मी दर दहा मिनिटांनी ठरवते, उद्या जान्हवीताईंना चार तारीख सांगायची," गंधाली म्हणाली. "आणि पुढच्या दहा मिनिटांनी ठरवते, नाही सांगायची. कारण सांगितलं की संपलं. मग काहीच उरत नाही. माझ्यात नाही तेवढा धीर, बाबा. तू सांगशील?"

नंदकुमारांनी पत्नीकडे बघितलं. मृणालिनीबाईंच्या हातातला कंगवा केसांतच थांबला होता. दाराकडे बघायचं त्यांनी टाळलं. मग त्या म्हणाल्या, "जा."

जान्हवीची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. ती पर्स आवरून निघायच्या बेतात होती. नंदकुमार दारात उभे राहिले आणि उभ्या उभ्याच बोलले.

"मॅडम, माझी मुलगी चार तारखेला पडली. सात नाही. पहिले तीन दिवस ती चारकोपला होती, त्यांची फाइल घरी आहे, मी मुद्दाम आणली नाही. मुलुंडच्या कार्डावरची तारीख मी सांगून लिहवून घेतली. लिहिणाऱ्याचा दोष नाही, त्याला मी भरीला घातलं. मुलीने काही केलेलं नाही."

जान्हवीने पर्स खाली ठेवली. ती रागावली नाही. रागावली असती तर नंदकुमारांना बरं वाटलं असतं.

"बसा, काका."

तिने गंधालीचा तक्ता काढला. नंदकुमारांना वाटलं, आता ती तो फाडेल. किंवा पांढरी शाई काढेल. तिने यातलं काही केलं नाही. निळ्या पेनाने तिने सातच्या आकड्यावर एकच आडवी सरळ रेघ मारली. सात तसाच दिसत राहिला. शेजारी तिने चार लिहिलं, आजची तारीख टाकली आणि आपली आद्याक्षरं लिहिली.

"खोडलं नाहीत?" नंदकुमारांनी विचारलं. जन्मभर खरवडण्यात वाकबगार असलेल्या माणसाला ते बघवत नव्हतं.

"आम्ही खोडत नाही. आधी काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. चुकलं कुठे, बदललं कोणी, का बदललं, हे पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे." तिने खाली लिहिलं : नातेवाइकाने चुकीची तारीख सांगितली होती. स्वतः येऊन दुरुस्त केली. मग कागद त्यांच्याकडे वळवला. "इथे तुमची सही करा."

नंदकुमारांनी हजारो सह्या केल्या होत्या. ही करताना पेन कागदावर टेकेना. आपला खोटेपणा रेघेखाली नीट वाचता येतोय, आणि त्याच्या शेजारी आपलं पूर्ण नाव लिहायचंय! त्यांनी नाव लिहिलं. 'कारखानीस' मधला 'नी' लिहिताना सोळा दिवस आत कुठेतरी अडकून राहिलेलं रडू आलं. ते तोंड झाकून लहान मुलासारखे रडले. जान्हवीने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि ती थांबून राहिली.

"आता?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"आता तिला चाचणीत घेता येणार नाही, काका. मला खरंच वाईट वाटतंय." ती थोडी थांबली. "मुलुंडलाही मला कळवावं लागेल. पण गंधालीला इथून कोणी घालवणार नाही. उद्यापासून तिचे व्यायाम सुरू होतील. आणि तिची तयारी असेल तर आमची दुसरी एक यादी आहे. जे चाचणीत बसत नाहीत, त्यांच्यात वर्षभरात आपोआप किती फरक पडतो, त्याची. ती यादी नसेल तर उशिरा आलेल्या माणसांचं पुढे काय होतं, हे आम्हाला कधीच कळणार नाही. त्यात तिच्या पदरात काही पडणार नाही. नुसतं दर महिन्याला तपासायचं."

बाहेर येऊन नंदकुमारांनी आधी केतनला फोन लावला. ऐकून तो पार घाबरला. "सर, माझी नोकरी..." एवढंच म्हणाला.

"मी उद्या स्वतः येऊन तुझ्या डॉक्टरांना सांगतो, चूक माझी आहे. पण केतन, यापुढे कोणी कितीही जवळचं आलं, तरी असं लिहू नकोस. मी आलो तरी."

"पण सर, तुम्हीच नाही का माझ्यासाठी..."

"हो. ते मी बरोबर केलं असं मला इतकी वर्षं वाटत होतं," नंदकुमार म्हणाले. "त्यातूनच आजचं हे झालं."

वॉर्डात गंधाली जागीच होती. "काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाल्या."

तिने डोळे मिटून घेतले. मृणालिनीबाईंनी तोंडाला पदर लावला. दुसऱ्या यादीबद्दल नंदकुमारांनी सांगितलं तेव्हा गंधालीने डोळे उघडले. मग म्हणाली, "चारकोपची फाइल उद्या घेऊन ये. पहिल्या तीन दिवसांत काय काय कळत होतं, ते त्यांना लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला दोघांनी धरून गंधालीला पहिल्यांदा खुर्चीत बसवलं. तिला चक्कर आली, तोंड पांढरंफटक पडलं, पण ती चार मिनिटं बसली. व्यायाम घेणाऱ्या प्रांजलने नवीन कागद पुढे ओढून विचारलं, "कधी पडलीस?"

नंदकुमार शेजारी गुलाबी फाइल घेऊन उभे होते. ते काही बोलले नाहीत.

"चार तारखेला," गंधाली म्हणाली. "मंगळवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी."

मंडळी, आपण फार मायाळू माणसं आहोत. आपल्या माणसासाठी आपण ओळख काढतो, शब्द टाकतो, आकडा जरा सरकवतो, आणि त्यालाच प्रेम म्हणतो. कोणाचं काय बिघडतं, असं विचारतो. ज्याचं बिघडतं तो आपल्यासमोर नसतो, म्हणून आपल्याला उत्तर ऐकू येत नाही. या क्षणी घाटकोपरला, बोरिवलीला, मुलुंडला कोणीतरी धडधाकट पायांनी जिना उतरतंय, शिडी चढतंय, गाडीला किक मारतंय. त्यांच्यातला कोणी तरी एक दिवस पडणार आहे, आणि त्याची आई डॉक्टरला विचारणार आहे, या औषधाने माझं लेकरू उठेल का? त्या आईला जे उत्तर मिळेल, ते आज आपण भरलेल्या कागदांवरून मिळेल. ते उत्तर हो असो की नाही, ते खरं असलं पाहिजे. तिचं आपल्याकडे एवढंच मागणं आहे.